युद्धस्मारकांवरचं लॅटिन, लॅटिन न शिकता

प्रश्न थोडक्यात असा: खडकीच्या युद्धस्मशानभूमीतल्या कबरींवर आणि इंग्लंडमधल्या एका जुन्या शाळेच्या चॅपेलमधल्या फलकावर लॅटिन ओळी दिसल्या. फोनमधल्या भाषांतरयंत्रानं फलकावरच्या एकाच शब्दाचा अर्थ एकदा 'ते पडले' आणि एकदा 'त्यांनी ठार मारलं' असा दिला. लॅटिन न शिकता अशा ओळींचा अर्थ लावता येईल का?

बऱ्याच ओळींचा लावता येईल. आणि यंत्र तितकंसं चुकलेलं नाही. तुमच्या फोटोतला शब्द 'केकिदेरुन्त' आहे. लॅटिनमध्ये 'कादो' म्हणजे पडणं आणि 'काएदो' म्हणजे कापणं, मारणं. या दोन्ही धातूंची भूतकाळाची रूपं रोमन लिपीत तंतोतंत सारखी दिसतात. फरक फक्त 'कि'च्या वेलांटीचा. ऱ्हस्व असेल तर 'पडले', दीर्घ असेल तर 'मारलं'. देवनागरीत कोरलं असतं तर हा घोळ झालाच नसता. रोमन लिपीत ही वेलांटी वाचणाऱ्यानं संदर्भावरून द्यायची असते. फलकावर शेजारी 'प्रो पात्रिआ', म्हणजे 'देशासाठी', आहे आणि वाक्यात कर्म कुठेच नाही. मारलं असतं तर कोणाला मारलं ते द्वितीयेत कुठेतरी सापडलं असतं. तेव्हा ते पडलेच.

स्मारकावरच्या लॅटिनमध्ये शब्द थोडे असतात आणि सगळं काम विभक्ती करते. म्हणून शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या मराठी माणसाला हे लॅटिन इंग्रज वाचकापेक्षा लवकर उलगडतं. इंग्रजीत शब्दाची जागा अर्थ ठरवते. लॅटिनमध्ये, संस्कृतासारखाच, शब्दाचा शेवट ठरवतो. तुमचीच ओळ घ्या: 'इन पिआम मेमोरिआम आलुम्नोरुम क्वी प्रो पात्रिआ केकिदेरुन्त'. 'मेमोरिआम' द्वितीया एकवचन, 'पिआम' त्याचं विशेषण. 'आलुम्नोरुम' षष्ठी बहुवचन: विद्यार्थ्यांच्या. 'क्वी' म्हणजे संस्कृतातलं 'ये', आपलं 'जे'. 'जे देशासाठी पडले त्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ.' शाळांच्या फलकांवर थोड्याफार फरकानं हेच वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं.

काही शब्द तर ओळखीचे चेहरेच आहेत. 'नोमिना' म्हणजे नामानि, 'मोर्तुई' म्हणजे मृत, 'विर' म्हणजे वीराचा भाऊबंद, 'दोनुम' म्हणजे दान, 'रेक्स' म्हणजे राजा. पण नुसत्या चेहऱ्यावर विसंबू नका. 'पिआम' पाहून 'प्रिय' आठवतं, तसा त्याचा अर्थ नाही. आईवडील, देव आणि देश यांच्याविषयीच्या कर्तव्यभावनेचं ते विशेषण आहे.

माणसांची नावंही लॅटिन पोशाख घालून, वर विभक्ती लावून येतात. विल्यमचा 'गुलिएल्मुस' होतो, जेम्सचा 'याकोबुस', चार्ल्सचा 'कारोलुस'. फलक त्यांना अर्पण केला असेल तर चतुर्थीत 'गुलिएल्मो', 'याकोबो', 'कारोलो'. 'गुलिएल्मो' वाचून मृत शिपाई इटालियन होता असं ठरवणारे लोक मला भेटलेले आहेत.

आपल्याकडचा वीरगळ कसा वाचतात ते आठवा. खाली पडलेला वीर, वर लढाई, त्याच्या वर अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. क्रम ठाऊक असला की झिजलेला दगडही बोलतो. लॅटिन स्मारकाचाही असाच ठरलेला क्रम असतो: देवाला किंवा स्मृतीला अर्पण, कोण मेले, कशासाठी, कधी, आणि शेवटी दगड कोणी बसवला. शेवटी 'पोसुएरुन्त' दिसलं तर त्याचा अर्थ 'यांनी उभारलं', आणि उभारणारे त्याच्या आधीच्या शब्दांत असतात. 'परेन्तेस' म्हणजे आईवडील, 'कोम्मिलितोनेस' म्हणजे सोबतचे सैनिक, 'कोंदिस्किपुली' म्हणजे वर्गबंधू. त्याच दगडावर 'माएरेन्तेस' असेल तर ते शोक करणारे आईवडील आहेत.

आद्याक्षरं चटकन उरकतो. ए एम डी जी म्हणजे 'आद मायोरेम देई ग्लोरिआम', देवाच्या अधिक गौरवासाठी. हे जेझुइट या कॅथलिक संघाचं ब्रीद. पण ते दिसलं म्हणून स्मारक कॅथलिकच असेल असं समजू नका. बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या मेनिन गेटवरही ते आहे. 1927 मध्ये उघडलेल्या या ब्रिटिश स्मारकावर 54 हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं आहेत आणि त्यांत भारतीयही आहेत. तिथल्या जिन्यांच्या वाटांवर 'प्रो पात्रिआ' आणि 'प्रो रेगे', म्हणजे 'देशासाठी' आणि 'राजासाठी', असं कोरलं आहे. डी ओ एम म्हणजे सर्वश्रेष्ठ देवाला. आर आय पी सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र ते एकासाठी 'रेक्विएस्कात' असतं आणि अनेकांसाठी 'रेक्विएस्कांत'.

दगड कोणाचा हे ओळखायला आणखी एक खूण उपयोगी पडते. 'ओराते प्रो आनिमाबुस', म्हणजे 'यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा', असं लिहिलेलं असेल तर मंडळी कॅथलिक, किंवा इंग्लंडच्या चर्चची म्हणजे अँग्लिकन पण त्या वळणाची. कडव्या प्रोटेस्टंटांना मेलेल्यांसाठी प्रार्थना करणंच मान्य नव्हतं. आणि इंग्लंडात गावच्या चौकातल्या क्रुसावर लॅटिन सहसा सापडत नाही, तिथे इंग्रजी. लॅटिन सापडतं ते शाळा, कॉलेजं, चर्चच्या भिंती आणि पलटणींच्या बिल्ल्यांवर. लॅटिन शिकलेल्यांनी लॅटिन शिकलेल्यांसाठी ते लिहिलं. ज्याच्या मुलाचं नाव खाली कोरलं आहे त्या शेतमजुराला ते वाचता येणार नव्हतं, आणि समितीतल्या कोणाला त्याचं फारसं वाटल्याचं दिसत नाही.

आकड्यांबद्दल. दिल्लीच्या इंडिया गेटवर 'इंडिया' या शब्दाच्या एका बाजूला एम सी एम एक्स आय व्ही आणि दुसऱ्या बाजूला एम सी एम एक्स आय एक्स असं आहे: 1914 आणि 1919. लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकावरही हीच दोन सालं आहेत आणि दोन्ही वास्तूंचा रचनाकार एकच, एडविन लट्येन्स. युद्ध 1918 च्या 11 नोव्हेंबरला थांबलं, मग 1919 कशाला? 1918 मध्ये फक्त शस्त्रसंधी झाला. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या 28 जून 1919 रोजी. भारतापुरतं आणखी एक कारण आहे. 1919 च्या उन्हाळ्यात तिसरं अफगाण युद्ध झालं आणि त्यातले मृतही इंडिया गेटवर आहेत. आपल्याकडच्या गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले' असे संगमरवरी फलक ब्रिटिशांनी लावले, त्यांवरही 1914-1919 असंच दिसतं. ती चूक समजून 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

आता 'डुल्के एत देकोरुम एस्त प्रो पात्रिआ मोरी'. देशासाठी मरणं गोड आणि शोभून दिसणारं आहे. अमेरिकेत आर्लिंग्टनच्या स्मारक-सभागृहाच्या पश्चिम दारावर ही ओळ आहे, 1913 मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजच्या चॅपेलमध्ये ती लावली गेली, आणि किती शाळांच्या फलकांवर असेल त्याची गणती नाही. ही रोमन कवी होरेसच्या तिसऱ्या ओड-संग्रहातली, दुसऱ्या कवितेची तेरावी ओळ. स्मारकांनी ती तिथेच तोडली. चौदावी ओळ आहे 'मोर्स एत फुगाकेम पेर्सेक्वितुर विरुम': मृत्यू पळणाऱ्या माणसाचाही पाठलाग करतो. त्यापुढे तो भेकड तरुणांच्या गुडघ्यांची मागची बाजू आणि पाठ सोडत नाही, असं आहे. म्हणजे कवितेत ही ओळ एकटी उभी नाही. 'पळालास तरी मरशीलच, मग उभा राहून मर' या दरडावणीचा तो गोड अर्धा भाग आहे. आणि हे लिहिणारा स्वतः इसवी सनापूर्वी 42 मध्ये फिलिप्पीच्या रणांगणावरून ढाल टाकून पळाला होता. त्यानंच दुसऱ्या एका कवितेत ते मिस्कीलपणे कबूल केलं आहे.

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यानं याच ओळीला 'जुनं असत्य' म्हटलं आणि तो 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, मारला गेला. त्याची कविता 1920 मध्ये छापली गेली. आजचा वाचक ती कविता आधी वाचतो आणि स्मारक नंतर पाहतो, त्यामुळे त्याला तो दगड ढोंगी वाटतो. ज्या वर्षांत हे फलक बसले तेव्हा ओवेनचं नाव मोजक्या लोकांना ठाऊक होतं. ओळ निवडणाऱ्या हेडमास्तरानं ती लहानपणी पाठ केली होती आणि त्याचेच विद्यार्थी खालच्या यादीत होते. त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ओळ कुठे तोडली आहे हे पाहिल्याशिवाय मी तिचा अर्थही कोणाला सांगत नाही.

तोडण्याची ही सवय फक्त युरोपची नाही. आपल्या हवाई दलाचं ब्रीद 'नभःस्पृशं दीप्तम्' गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातलं आहे. पुढे वाचलं तर अर्जुन म्हणतो, हे रूप पाहून माझा अंतरात्मा व्यथित झाला आहे, 'धृतिं न विन्दामि शमं च', मला धीरही सापडत नाही आणि शांतीही नाही. ब्रीद निवडणाऱ्यांनी पहिले दोन शब्द घेतले आणि भेदरलेल्या अर्जुनाला मागे ठेवलं. त्यात गैर काही नाही. ब्रीद असंच बनतं.

प्रत्ययांतून किती राजकारण करता येतं याचा मला ठाऊक असलेला सर्वांत तिखट नमुना बर्लिन विद्यापीठाच्या 1926 च्या स्मारकावरचा. पहिल्या महायुद्धात मेलेल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठीच्या या स्मारकाला धर्मशास्त्राचे प्राध्यापक राइनहोल्ड झेबर्ग यांनी तीन शब्द दिले: 'इन्विक्तिस विक्ती विक्तुरी'. तिन्ही शब्द 'जिंकणं' या एकाच धातूचे. 'इन्विक्तिस' चतुर्थी बहुवचन, अजिंक्यांना. 'विक्ती' प्रथमा, जिंकले गेलेल्यांनी. 'विक्तुरी' भविष्यकाळी विशेषण, पुढे जिंकणार असलेल्यांनी. क्रियापद नाही, ते मनात घ्यायचं: 'अजिंक्य राहिलेल्यांना, हरलेल्या पण उद्या जिंकणाऱ्या आम्हांकडून.' शोकाच्या दगडावर सूडाची तारीख घालायची राहिली एवढंच. त्यातही 'विक्तुरी' हे रूप 'जगणं' या धातूचंही होतं, तेव्हा 'जे जगणार आहेत' असंही वाचता येतं. कोणी बोट दाखवलंच तर सोज्ज्वळ अर्थ हाताशी होता. यंत्र अशा ठिकाणी एक अर्थ निवडून मोकळं होतं.

उलट्या बाजूचं उदाहरण बेल्जियममधल्या लूवेंचं. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन सैन्यानं तिथल्या विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. अमेरिकेतून जमलेल्या पैशांनी नवी इमारत उभी राहिली आणि तिचा अमेरिकन वास्तुकार व्हिटनी वॉरन याला दर्शनी कठड्यावर कोरायचं होतं: 'फुरोरे तेउतोनिको दिरुता, दोनो आमेरिकानो रेस्तितुता'. इथे 'फुरोरे' आणि 'दोनो' ही आपल्या तृतीयेसारखी रूपं आहेत. 'दोनो' म्हणजे सरळ 'दानेन'. 'ट्यूटनांच्या (म्हणजे जर्मनांच्या) उन्मादानं उद्ध्वस्त, अमेरिकेच्या दानानं पुन्हा उभी.' 1928 मध्ये उद्घाटन आलं तोवर युरोपात समेटाचे वारे वाहत होते. विद्यापीठाचे रेक्टर पॉलें लादेझ यांनी नकार दिला, गावात दोन तट पडले, कठड्याची मोडतोड झाली आणि अखेर तो कोराच राहिला. 1940 मध्ये युद्धात ते ग्रंथालय पुन्हा जळालं. 'फुरोरे तेउतोनिको' हा शब्दप्रयोगही उसना आहे, ल्युकान या रोमन कवीचा. बर्लिनला जे तीन शब्दांत मावलं तेच इथे सहा शब्दांत मावत नव्हतं, हे पाहण्यासारखं आहे.

आता खडकी. तिथल्या कबरींवर कोरलेलं लॅटिन मुख्यतः बिल्ल्यांमधलं आहे. तोफेच्या चित्राभोवती 'उबिक्वे' आणि 'क्वो फास एत ग्लोरिया दुकुन्त' असेल तर तो रॉयल आर्टिलरीचा माणूस. 'उबिक्वे' म्हणजे सर्वत्र. तोफखाना जवळजवळ प्रत्येक लढाईत असायचा, म्हणून लढायांची यादी देण्याऐवजी 1830 च्या दशकात राजा चौथ्या विल्यमनं हा एकच शब्द त्यांना दिला. दुसऱ्या ओळीचा अर्थ 'जिकडे धर्म आणि कीर्ती नेतील तिकडे'. 'फास'ला मी मुद्दाम धर्म म्हणतोय. देवांच्या नियमानं जे योग्य ते 'फास'. कायद्यानं योग्य त्याला लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे. इंग्रजी भाषांतरांत तो 'राइट' होतो आणि फिका पडतो.

गरुडामागच्या वर्तुळावर 'पेर आर्दुआ आद आस्त्रा' असेल तर रॉयल एअर फोर्स. हे ब्रीद 1913 मध्ये त्यांच्या पूर्वसुरींनी, रॉयल फ्लाइंग कोअरनं, घेतलं. 'आर्दुआ' म्हणजे चढण, कठीण ते सारं. 'आस्त्रा' म्हणजे तारे. चढणी पार करत ताऱ्यांपर्यंत.

मुकुट आणि पट्ट्यावर 'ओनी स्वा की माल इ पांस' असेल तर थांबा, ते लॅटिन नाही. ती जुनी फ्रेंच आहे, गार्टर सन्मानाचं ब्रीद. 'द्यू ए मों द्र्वा' हीसुद्धा फ्रेंच. तीन पिसांखालचं 'इश डीन' जर्मन. काही वेल्श आणि स्कॉटिश पलटणींचं ब्रीद त्यांच्या त्यांच्या भाषेत. भाषांतरयंत्राला 'लॅटिन' म्हणून सांगितलंत की ते बिचारं यातूनही काहीतरी लॅटिन काढून देतं.

एका बिल्ल्याची गोष्ट मात्र आपल्या फार जवळची आहे. डॉर्सेट रेजिमेंटचं ब्रीद 'प्रीमुस इन इंदिस', हिंदुस्थानात पहिले. त्यांची पूर्वज 39 वी पलटण 1754 मध्ये इथे आली आणि प्लासीला लढली, म्हणून. याच डॉर्सेटची दुसरी बटालियन पहिल्या महायुद्धात सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली, 117 व्या मराठा पलटणीच्याच ब्रिगेडमध्ये. 103 वी आणि 110 वी मराठा पलटणही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तुर्कांनी वेढलेल्या कुत या गावी शरणागती झाली तेव्हा 'हिंदुस्थानात पहिले' आणि सातारा-रत्नागिरीकडचे शिपाई एकाच वेढ्यातून एकाच कैदेत गेले.

त्या मोहिमेतल्या बेपत्तांसाठी 1929 मध्ये बसरा स्मारक उभं राहिलं. शाळांच्या लॅटिन फलकांवर 'क्वोरुम नोमिना', म्हणजे 'ज्यांची नावं', हे शब्द नेहमी येतात, आणि खाली शिपायापासून कॅप्टनपर्यंत नावं असतात. बसऱ्याला ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा दिला. ही विषमता अशा कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं 2021 च्या अहवालात मान्य केली. स्मारक वाचायला बसलात की शिलालेखाबरोबर ही यादीही अशीच वाचा: नाव कोणाला मिळालं, आकडा कोणाला.

तुमच्या हातातल्या फोटोंसाठी थोडं कामाचं. जुने दगड कोरणारे यू या अक्षरासाठी व्ही कोरत. यंत्राला मजकूर देताना तेवढा बदल आधी करून घ्या, निम्म्या चुका तिथेच थांबतात. शब्दांमधली जागा बऱ्याचदा नसते, नुसता टिंब असतो. शिशाची अक्षरं गळून पडलेली असतील तर उरलेल्या भोकांच्या रांगेवरून अक्षर ओळखता येतं. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा. खडू चोळणं, पाणी मारणं, घासणं यांतलं काहीही करू नका. संगमरवरावर आणि चुनखडीवर एकदाच केलं तरी ते दिसत राहतं.

इंग्लंडमधल्या स्मारकासाठी इम्पीरियल वॉर म्युझियमची युद्धस्मारकांची नोंदवही आधी पाहा, पुष्कळदा मजकूर तिथे अक्षरशः उतरवलेला असतो. तिथे नसेल तर अनावरणाच्या आठवड्यातलं स्थानिक वर्तमानपत्र शोधा. बातमीदारालाही बहुधा लॅटिन येत नसे, म्हणून त्यानं कधी कधी मास्तरांकडून अर्थ विचारून छापलेला असतो, आणि तो अर्थ ओळ लिहिणाऱ्याचाच असू शकतो. चॅपेलच्या फलकाचा खालचा कोपरा तुमच्या फोटोत कापला गेला आहे. 'पोसुएरुन्त' असेल तर तिथेच असेल. तेवढ्या भागाचा फोटो पुन्हा मागवून घ्या.